रानांची बेटे होऊ नयेत

वन्य प्राण्यांचा विचार आपल्याकडे बहुधा शिरगणतीपाशी येऊन थांबतो. वाघ किती, बिबटे किती, हा आकडा वाढला की समाधान मानावयाचे आणि घटला की हळहळावयाचे. परंतु संख्या हा सुरक्षिततेचा अर्धाच पुरावा होय. उरलेला अर्धा आनुवंशिक वैविध्यात असतो. लहानशा रानात कोंडलेली जनावरे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच नात्यात वीण करू लागली की दोष साचत जातात आणि सारा वंशच दुबळा होतो. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात प्यूमा या मोठ्या मार्जारांची संख्या वीस-तीसवर आली, तेव्हा त्यांच्यात हृदयाचे व प्रजननाचे दोष दिसू लागले. अखेर १९९५ साली टेक्ससमधून आठ माद्या आणून सोडाव्या लागल्या. त्यानंतरच तो वंश सावरला.

ही गोष्ट केवळ दूरदेशीची नव्हे. भारतीय संशोधकांनी अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या सहकार्याने मेळघाट, सातपुडा, पेंच आणि कान्हा येथील वाघांच्या विष्ठेतून जनुकीय नमुने मिळविले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता : ज्या रानांना जोडणारे जंगलपट्टे शाबूत आहेत, त्यांच्यातील जनुकांची देवाणघेवाण टिकून आहे, जेथे पट्टे तुटले, तेथे ती ओसरली आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन यांनी सहकाऱ्यांसह रणथंभोरच्या एकाकी वाघांत निकट विणीच्या खुणा २०२१ साली दाखवून दिल्या. अशा कामाला क्षेत्रावरील माहिती आपली लागते; पण तुलनेसाठी इतर देशांतील नमुने आणि प्रगत प्रयोगशाळांची साथही लागते. म्हणूनच येथे आंतरराष्ट्रीय सहकार्य ही हौस नसून गरज आहे.

रायगड जिल्ह्याला या निष्कर्षाचा धडा अधिक जवळचा आहे. मुरूड व रोहा तालुक्यांत पसरलेले फणसाड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. जंजिऱ्याच्या नबाबाचे हे जुने शिकारीचे रान. येथे बिबटे, सांबर, भेकर आहेत. पण क्षेत्र ७० चौरस किलोमीटरच्याही आत. एवढ्या जागेत बिबट्यांची संख्या मोजकीच राहणार. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्रीकडे जावयाचे तर रोह्याची वस्ती, लोहमार्ग आणि पेण, नागोठणे, कोलाड असा जाणारा मुंबई-गोवा महामार्ग आडवा. ही वाट बुजली, तर फणसाड हे जमिनीवरचे बेट ठरेल.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. परदेशी संस्थांना नमुने दिले तर आपली जैवसंपत्ती बाहेर जाईल, हा पहिला. भीती निराधार नाही. परंतु २००२ च्या जैवविविधता कायद्याने परकीयांना चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची पूर्वपरवानगी बंधनकारक केली आहे. दार बंद करणे हा उपाय नसून बरोबरीच्या अटी घालणे हा आहे. नमुने येथील असतील तर निष्कर्षही येथे, मराठीत, परत आले पाहिजेत.

दुसरा आक्षेप असा की, जनावरांसाठी रस्ता अडवावयाचा काय? मुळीच नाही. पेण-रोह्याच्या चाकरमान्यांनी आणि विद्यार्थ्यांनी २०११ साली सुरू झालेल्या चौपदरीकरणाची रखडपट्टी पुरेशी सोसली आहे. पण पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गाखाली वन्य प्राण्यांसाठी नऊ भुयारी वाटा ठेवण्यात आल्या आणि त्यांतून वाघही जाऊ लागले. रस्ताही झाला, वाटही राहिली.

तेव्हा रायगडात करावयाचे ते उघड आहे. वनखात्याने फणसाड आणि सह्याद्रीच्या रानांतील बिबटे व सांबर यांची जनुकीय तुलना हाती घ्यावी. तीत पेण-रोह्याच्या महाविद्यालयांना सामील करावे. कायद्याने ग्रामपंचायतींवर सोपविलेल्या जैवविविधता नोंदवहीत जनावरांच्या वाटा नोंदल्या जाव्यात आणि ओढ्यांवरील पूल व मोऱ्या त्या पाहून बांधाव्यात. फ्लॉरिडाला बाहेरून माद्या आणाव्या लागल्या. येथे वाट मोकळी ठेवली तरी पुरे. ती बुजल्यावर शिरगणतीचा कोणताही आकडा फणसाडला तारू शकणार नाही.