सुपरवायझरचा पगार निविदेत लिहा

धुळ्याहून जाणाऱ्या मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च १८ हजार ३६ कोटी रुपये. त्याच वर्षी नोव्हेंबरात जळगाव-मनमाड चौथा आणि भुसावळ-खंडवा तिसरा व चौथा मार्गही मंजूर झाले. खान्देशात बांधकामाला तोटा राहणार नाही. पण ही कामे ज्याच्या नजरेखाली उभी राहायची, त्या साइट सुपरवायझरच्या पगाराचे काय?

सकाळी मजुरांची हजेरी घ्यायची, स्लॅब भरण्याआधी सळयांचे अंतर आणि सेंट्रिंगचे टेकू तपासायचे, सिमेंटच्या गोण्या मोजायच्या, काँक्रीटचे क्यूब भरून ठेवायचे. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असताना ताज्या स्लॅबवरचे पाणी तुटू द्यायचे नाही. काम रात्री उशिरा संपले तर सुटीही उशिराच, आणि त्या वाढीव तासांचे पैसे बहुधा नाहीत. तीन वर्षांची सिव्हिल पदविका घेतलेल्या मुलापेक्षा हंगामात चांगला मिस्त्री महिन्याकाठी जास्त कमावतो, हे कोणत्याही साइटवर ऐकायला मिळेल. मिस्त्रीची मजुरी वाढली याचा आनंदच आहे. पण मिस्त्री आपला भाव सांगू शकतो, सुपरवायझर नाही. ठेकेदाराचे बिल अडकले की सर्वांत आधी थांबतो तो सुपरवायझरचाच पगार. मजुराला आठवड्याचा चुकारा दिला नाही तर दुसऱ्या दिवशी काम बंद पडते. सुपरवायझर मात्र उचल घेऊन दिवस काढतो आणि अखेर सुरत किंवा पुण्याची गाडी पकडतो.

कायद्यानेही त्याला बाहेरच ठेवले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानुसार देखरेखीच्या कामावर महिना १,६०० रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस बांधकाम कामगार ठरत नव्हता. ही मर्यादा पुढे वाढवलीच गेली नाही. म्हणजे ज्याच्या हजेरीपटावरून मजुराचे नोंदणीसाठी लागणारे नव्वद दिवस सिद्ध होतात, त्याच्या स्वतःच्या मुलांना बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची शिष्यवृत्ती नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही रेषा १८ हजारांवर आहे. त्यापुढचा सुपरवायझर पुन्हा कामगार नाही. नव्या संहितांनी एक चांगली गोष्ट मात्र केली आहे. नियुक्तिपत्र, पगारपत्रक आणि पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत पगार, हा हक्क देखरेख करणाऱ्यालाही मिळाला आहे.

हा हक्क तोंडी करारावर चालणाऱ्या साइटपर्यंत आपोआप पोहोचणार नाही. बिले थकल्याने लहान ठेकेदारही अडचणीत येतो, हे आम्हाला मान्य आहे. २०२५ मध्ये राज्यभरातील कंत्राटदार त्यासाठी आंदोलनात उतरले होते. पण सरकारच्या उशिराची किंमत सर्वांत कमी पगाराच्या तांत्रिक माणसाने का मोजावी? सार्वजनिक बांधकाम व जलसंपदा विभाग आणि खान्देशातील जिल्हा परिषदांनी आपल्या निविदांत सुपरवायझरचे वेतन ही स्वतंत्र बाब ठेवावी, कमी दराच्या स्पर्धेतून ती वगळावी आणि गेल्या महिन्याचा पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा जोडल्याशिवाय ठेकेदाराचे पुढचे बिल मंजूर करू नये. बिल देण्यास सरकारी खात्याकडूनच उशीर झाला, तर ही वेतनाची रक्कम त्या खात्याने दरमहा आगाऊ मोकळी करावी.