टाकाऊचा भार कोणी वाहायचा?

दिवाळीपूर्वीची झाडलोट असो वा मृगाच्या तोंडावरची घराची डागडुजी असो, वर्षातून दोनदा घराघरांतून पुष्कळ अडगळ बाहेर निघते. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा हे गाव याला अपवाद असण्याचे कारण नाही. भंगारवाला दारी येतो. लोखंड, पत्रा, तांबे, पितळ आणि जाड प्लॅस्टिक तराजूत घालून नेतो. ज्याला त्याच्या तराजूत भाव नाही ते मागे उरते. फोमची फाटकी गादी, कूलरची कुजलेली जाळी, पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही, थर्माकोल, फुटक्या ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे आणि कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या यांना गिऱ्हाईक नसते. त्यांची वाट उकिरड्याकडे, ओढ्याकडे अथवा काडेपेटीकडे जाते. मग खेड्यातील माणसाला शिस्त नाही, असा निर्वाळा देऊन शहाणी मंडळी मोकळी होतात.

हा निर्वाळा अन्यायाचा आहे. टाकणे ही गोष्ट ग्रामीण जीवनात मुळात नव्हती. जुन्या गादीचा कापूस पिंजारी पुन्हा पिंजून देई आणि तीच गादी आणखी काही वर्षे चाले. जुने लुगडे गोधडीत जाई, फुटक्या घागरीचे पितळ मोडीत जाई, खाटेचे लाकूड अखेर चुलीत जाई. हळद शिजवण्याची कढई गळू लागली तर तिचेही लोखंड विकले जाई. वस्तू ज्या द्रव्यांची बनलेली होती ती द्रव्ये एकतर मातीत मिसळत किंवा बाजारात परत जात. फोम पिंजता येत नाही. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते आणि ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. त्यांना ना माती स्वीकारते, ना भंगाराचा बाजार. या वस्तू ज्यांनी बनवल्या आणि विकल्या, त्यांनी त्या परत घेण्याची व्यवस्था सोबत आणली नाही. नफ्याची वाट शहरापर्यंत पक्की बांधली गेली. टाकाऊ मालाची वाट गावच्या ओढ्यापाशी संपली.

या ढिगातील सर्वांत धोक्याचा भाग शेतीतून येतो. वसमतची हळद आज नावारूपाला आली आहे. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद, कापूस, सोयाबीन या पिकांसाठी औषधे लागतात. गावात त्यांना 'औषध' म्हणतात, पण बाटलीच्या तळाशी उरते ते विषच. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, तेव्हा या विषाची ओळख साऱ्या महाराष्ट्राला पटली. चर्चा फवारणीची झाली. फवारणीनंतर बांधावर पडून राहणाऱ्या बाटलीची फारशी झाली नाही. ती बाटली कोणी रॉकेलसाठी धुऊन ठेवतो, कोणी पाण्यासाठी नेतो, कुठे लहान मूल तिच्याशी खेळते. जाळली तर धूर घरात येतो, फेकली तर विष पावसाबरोबर ओढ्याविहिरीत उतरते.

कायदा या बाबतीत मुका आहे असे नाही. कीटकनाशक अधिनियम १९६८ सालचा आणि त्याखालील नियम १९७१ सालचे. रिकामी वेष्टने आणि उरलेले द्रव्य यांची सुरक्षित विल्हेवाट लावण्याचे कर्तव्य त्या नियमांनी उत्पादकावर आणि वापर करणाऱ्यावर दोघांवरही टाकले. वेष्टने उघड्यावर सोडू नयेत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे त्यांत सांगितले. अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. वापर करणारा शेतमजूर कोण हे गाव जाणते. उत्पादक मात्र आपले कर्तव्य बजावण्यासाठी बांधावर आलेला कोणी पाहिला नाही. दोघांवर सारखे कर्तव्य टाकणारा नियम प्रत्यक्षात दुबळ्यावरच पडतो, याचे याहून ठसठशीत उदाहरण मिळणे कठीण.

शहरांसाठी २०१६ साली केलेल्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचरा प्रथमच वेगळा मोजला गेला. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, जुनी बॅटरी, वापरलेल्या सुया, मुदत संपलेली औषधे यांसाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र असावे, असे नियमाने म्हटले. परंतु ते नियम शहरे, शहरालगतची वाढ आणि जनगणनेने नगर ठरवलेली गावे यांच्यापुरते होते. ज्या खेड्यात विषाची बाटली सर्वाधिक रिकामी होते ते खेडेच कक्षेबाहेर राहिले. नियमांची व्याप्ती पुढे वाढली तरी केवळ राजपत्रातील ओळीने गावात पेटी उभी राहत नाही. उद्योगांच्या घातक कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे केंद्रे उभी राहिली. हट्ट्यातील शेतकऱ्याने आठ बाटल्या आणि दोन ट्यूब घेऊन तिकडे जावे, अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही.

२०२२ साली केंद्र सरकारने बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक कचरा यांसाठी नवे नियम केले. उत्पादकाने विकलेल्या मालाच्या प्रमाणात टाकाऊ मालाचे पुनर्चक्रीकरण झाल्याचा हिशेब द्यावा, हे त्यांचे सूत्र. तत्त्व योग्य आहे. मात्र हा हिशेब प्रमाणपत्रांनी पुरा होतो. शहरातील गोदामातून गोळा केलेल्या मालावर प्रमाणपत्र मिळते आणि कंपनीची जबाबदारी कागदावर फिटते. हट्ट्याच्या माळवदावरचा टीव्ही तिथेच राहतो. ट्रॅक्टरची बॅटरी भंगारात जाते खरी, कारण शिशाला भाव आहे. परंतु ती जर कुठे उघड्यावर फोडली गेली, तर आम्ल मातीत आणि शिशाचा धूर फोडणाऱ्याच्या छातीत जातो. भाव मिळाला म्हणून काम सुरक्षित झाले असे होत नाही.

म्हणून खरा प्रश्न विल्हेवाटीच्या खर्चाचा आहे. मोठी अडगळ उचलून नेण्यासाठी दाम मोजा, असे गरीब कुटुंबाला सांगितले की ते कुटुंब ती रात्री ओढ्यात टाकणार. यात आश्चर्य काय? त्याने वस्तू विकत घेताना किंमत मोजलेली असते. टाकतानाचा खर्च त्या किमतीत धरणे आणि उत्पादकाकडून वसूल करणे हाच न्याय्य मार्ग होय. ब्राझीलने २००० साली कायदा करून हे करून दाखवले. शेतकऱ्याने डबा तीनदा धुऊन परत करायचा, विक्रेत्याने तो कुठे द्यायचा ते पावतीवर लिहायचे, उत्पादकाने तो नेऊन नष्ट करायचा किंवा त्याचे पुनर्चक्रीकरण करायचे. तिथे कीटकनाशकांच्या प्लॅस्टिक वेष्टनांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वेष्टने आज परत येतात. ब्राझीलचा शेतकरी हट्ट्याच्या शेतकऱ्याहून अधिक शिस्तीचा आहे असे मानण्याचे कारण नाही. त्याला डबा परत देण्याची जागा मिळाली, एवढाच फरक.

दुसरा धडा घरचाच आहे. १९९३ साली बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांनी ओळखपत्र मिळवले, हक्क मागितले आणि पुढे 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था काढून महापालिकेशी करार केला. ज्यांना शहर घाण समजत होते त्यांच्यावाचून शहराचे चालत नाही, हे या संघटनेने सिद्ध केले. हट्ट्याच्या परिसरात फिरणारा भंगारवाला हाही असाच असंघटित कष्टकरी आहे. त्याला हाकलून ठेकेदाराची गाडी आणणे म्हणजे एकाची भाकरी हिरावून दुसऱ्याला बिल काढू देणे होय. त्याला हातमोजे, ओळखपत्र, माल ठेवण्यास शेड आणि नको असलेल्या वस्तूही उचलण्याचा मेहनताना दिला, तर निम्मे काम तोच करील.

यासाठी लागणारा पैसा आकाशातून पडायचा नाही, हे खरे. पण तो मुळीच नाही हेही खोटे. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये धरले होते. प्लॅस्टिकसाठी तालुक्याला एक केंद्र आणि त्यास १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद होती. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या अनुदानातील साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवली. हा पैसा आपल्या गावात कशावर खर्च झाला, हे विचारण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे आणि ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी इथेच पुढे व्हावे. वर्षातून दोन दिवस, फवारणीचा हंगाम आटोपल्यावर आणि पावसाळ्यापूर्वी, गावाने विनाशुल्क अडगळ जमा करावी. विषाच्या बाटल्यांसाठी कुलपाची वेगळी पेटी असावी आणि ती माल विकणाऱ्या कृषी सेवा केंद्राच्या दारात असावी, म्हणजे जबाबदारी कोणाची ते दिसत राहील. फवारणी करतानाच बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे, बाटलीला भोक पाडावे, ती जाळू नये, एवढे तरी प्रत्येक शेतमजुराला सांगितले जावे. ट्यूब आणि टीव्ही न फोडता ठेवावेत. चार-पाच गावांचा माल एकत्र झाला की नेण्याचा खर्च माणशी किरकोळ पडतो. तो उचलण्याचे पत्र तालुक्याला, जिल्ह्याला आणि थेट उत्पादक कंपन्यांना जावे. एका गावाच्या पत्राला केराची टोपली मिळेल; शंभर ग्रामसभांच्या ठरावांना ती पुरणार नाही.

कर्जाचा आणि कापसाच्या भावाचा प्रश्न पेटलेला असताना हे कचऱ्याचे काय काढले, असे काहीजण म्हणतील. हे प्रश्न एकाच मुळाचे आहेत. बी, औषध आणि यंत्र विकणारा नफा घेऊन जातो. कर्ज, विष आणि भंगार गावाच्या वाट्याला येते. आणि गावातही हा वाटा सारखा वाटला जात नाही. घाण उचलण्याचे काम जन्मावरून कोणाच्या माथी मारायचे, ही या समाजाची जुनी सवय आहे. आप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितले ते ही सवय मोडण्यासाठी. जमा करण्याच्या दिवशी सरपंचापासून सालगड्यापर्यंत सर्वांचे हात लागले, तरच त्या स्वच्छतेला समतेचा अर्थ येईल. जे विकतात त्यांनी परत न्यावे आणि जे वापरतात त्या सर्वांनी मिळून उचलावे, हा आग्रह हट्ट्यापासून धरता येईल.