‘लाईट-पाण्यासह’ भाड्याचे अर्थकारण

दहावी-बारावीचे निकाल लागले की हिवरखेड, तेल्हारा, अकोट या पट्ट्यातील पालकांची पावले अकोल्याकडे वळतात. शिकवणी वर्ग आणि महाविद्यालये यांच्या आसपास मुलासाठी खोली पाहणे सुरू होते आणि भाडे सांगताना घरमालक हमखास म्हणतो, “लाईट-पाणी त्यातच आलं.” हे ऐकून पालकाचा जीव भांड्यात पडतो. त्यात त्याचा भोळेपणा आहे असे समजण्याचे कारण नाही. कपाशी किंवा सोयाबीन विकून ज्याच्या हाती पैसा येतो आणि तोही किती येईल याची ज्याला कधीच शाश्वती नसते, त्याला निदान खर्चाचा आकडा तरी निश्चित हवा असतो. त्या निश्चिततेसाठी चार पैसे अधिक मोजणे हा शुद्ध व्यवहार होय. प्रश्न एवढाच की, हे चार पैसे नेमके किती आणि ते कशापायी जातात?

ठोक भाड्यात विजेचा खर्च नाहीसा होत नाही. तो अंदाजाने धरला जातो. अंदाज बांधणारा घरमालक असल्यामुळे तो स्वाभाविकपणेच मे महिन्याचे बिल डोळ्यांपुढे ठेवतो आणि भाडे मात्र बाराही महिने घेतो. इतके करूनही त्याची धास्ती जात नाही. ज्या वस्तूसाठी वापरागणिक दाम पडत नाही तिचा वापर सैल होतो, हे त्यालाही अनुभवाने ठाऊक असते. मग हीटर लावू नये, इस्त्री करू नये, कूलरचे पैसे वेगळे, अशा अटी निघतात. पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या शहरात कूलर वगळून ‘लाईटसह’ खोली देणे म्हणजे जेवणाचे ताट वाढून त्यातली भाकरी काढून घेण्यासारखे आहे.

परंतु खरी हानी याहून खोल आहे आणि ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. महावितरणच्या 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या 100 युनिटांचा ऊर्जा आकार युनिटमागे 4 रुपये 71 पैसे होता. 101 ते 300 युनिटांसाठी तो 10 रुपये 29 पैसे आणि 301 ते 500 साठी 14 रुपये 55 पैसे होता. कमी वापर करणाऱ्या गरिबाला वीज स्वस्त मिळावी, हा या रचनेमागील हेतू. आता पाच खोल्यांचे एक घर घ्या. प्रत्येक खोलीत महिन्याला 80 युनिटे जळतात असे धरू. पाच खोल्यांना पाच मीटर असते तर सारी 400 युनिटे पहिल्याच टप्प्यात बसून ऊर्जा आकार 1884 रुपये झाला असता. मीटर एकच असल्यामुळे तो 3984 रुपये होतो! पाच मीटरांना स्थिर आकार पाच वेळा भरावा लागला असता, हे खरे. पण तो मीटरमागे सव्वाशे रुपयांच्या आसपास होता. तेवढे वजा घातले तरी तफावत काही भरून निघत नाही. सवलत माणसाला नव्हे, मीटरला मिळते; आणि ज्याच्यासाठी ती योजिली त्या विद्यार्थ्याला किंवा मजुराला स्वतःचा मीटरच नसतो.

काही ठिकाणी सबमीटर बसवून युनिटमागे सरसकट दर आकारतात. तेथे वापर तरी दिसतो. पण सरासरीच्या नावाखाली पहिल्या टप्प्याची सवलत बुडते ती बुडतेच. 2003 च्या वीज कायद्यानुसार परवान्यावाचून विजेचा व्यापार करता येत नाही. मग प्रत्यक्ष बिलाहून चढ्या दराने खोलीखोलीतून होणाऱ्या या वसुलीला काय म्हणावे?

याचा सारा दोष घरमालकाच्या लोभावर टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. यांतील कित्येक मालक म्हणजे निवृत्त शिक्षक किंवा विधवा स्त्रिया. दोन-चार खोल्यांचे भाडे हाच त्यांचा आधार. त्यांना भय असते ते निराळ्याच गोष्टीचे. वेगळा मीटर आणि वेगळे बिल म्हणजे भाडेकरूच्या ताब्याचा पुरावा, असा त्यांचा समज आहे आणि या समजाला इतिहास आहे. मुंबईत 1947 चा भाडेनियंत्रण कायदा होता, तर आपल्या वऱ्हाडात 1949 चा मध्यप्रांत-वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश. भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घेतल्याखेरीज मालकाला भाडेकरार संपविण्याची नोटीसही देता येत नसे. 31 मार्च 2000 रोजी 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अमलात आला आणि तो आदेश गेला. आदेश गेला, पण धाक उरला. अकरा महिन्यांचा करार आणि एकच मीटर ही त्या धाकाचीच अपत्ये.

नवा कायदा पुरेसे कारण नसताना भाडेकरूचे वीज-पाणी तोडण्यास मनाई करतो. पण कलमातील शब्द ‘भाडेकरू’ असा आहे आणि अकरा महिन्यांचा कागद बहुधा ‘परवानगी’चा असतो. शिवाय ठोक भाड्यात विजेचा आकडाच कोठे लिहिलेला नसल्यामुळे किती मिळायला हवी होती आणि किती तोडली, हे विद्यार्थ्याने सिद्ध कशावरून करावे?

जर्मनीत भाड्याचे ‘थंड’ आणि ‘गरम’ असे दोन प्रकार बोलीभाषेतही रूढ आहेत. ‘गरम’ म्हणजे घर उबदार ठेवण्याच्या खर्चासह. पण तेथे 1981 च्या नियमाने सामाईक उष्णतेच्या खर्चाचा किमान निम्मा भाग प्रत्यक्ष मोजलेल्या वापरावर वाटावा लागतो आणि घरमालकाला वर्षाचा हिशेब द्यावा लागतो. एकत्र वसुली आणि वेगळा हिशेब या दोन गोष्टी एका घरात नांदू शकतात.

आपल्याकडे याला मोठ्या कायद्याची गरज नाही. वीज कायद्याचे 43 वे कलम मालकाइतकाच भोगवटादारालाही जोडणी मागण्याचा हक्क देते. व्यवहारात मात्र गाडे मालकाच्या संमतीपाशी अडते. तेव्हा मीटर मालकाच्याच नावे राहू द्यावा, पण स्वतंत्र चूल असलेल्या प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र टप्पा मिळावा, आणि अशा मीटरवरून ताब्याचा हक्क सिद्ध होत नाही, असे नियमात स्पष्ट लिहावे. एका खोलीत दाटीने राहणाऱ्या मुलांसाठी खोली हेच परिमाण धरता येईल. वीज नियामक आयोगापुढे दरनिश्चितीच्या वेळी जनसुनावणी होते. तेथे उद्योजक जातात, यंत्रमागधारक जातात, कृषिपंपांची बाजूही मांडली जाते. खोली करून राहणाऱ्याच्या नावे ग्राहक क्रमांकच नसल्यामुळे त्याची बाजू तेथे पोहोचत नाही. तोवर निदान अनामत रक्कम हाती ठेवण्यापूर्वी पालकांनी त्या मीटरची मागील बारा महिन्यांची बिले पाहावयास मागावीत आणि वीज-पाण्यापोटी धरलेली रक्कम करारात वेगळ्या ओळीत लिहून घ्यावी.