बिबट्याची मोजदाद कशासाठी?



उसाच्या गावांत आज दोन माणसे भेटली की बोलणे बिबट्यावर येते. त्यात नवल नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याने माणसांचे बळी घेतले, त्यात लहान मुलेही होती. अशा दिवसांत वन्यप्राण्यांची संख्या मोजणारा एखादा अभ्यासक बांधावर कॅमेरा लावायला आला, की आपले लोक म्हणतात, "माणसं मरायला लागली अन् हे मोजत काय बसलेत? सगळे धरा अन् लांब नेऊन सोडा!" हा संताप खोटा नाही. पण तो मोजणाऱ्यावर काढणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजल्याशिवाय धंदा चालत नाही, हे ऊसवाल्याला सांगायला नको. गाळप सुरू होण्याआधी शेतकी खाते टनेजचा अंदाज काढते. तेव्हा आम्ही कार्यक्षेत्रातला एकूण एक ऊस मोजत नाही. निवडक प्लॉट बघतो, लागण किती, खोडवा किती ते धरतो आणि हिशेब मांडतो. हुमणीचे भुंगेरे किती उडाले तेही प्रकाश सापळ्यात मोजतो, मगच उपाय ठरवतो.

या अभ्यासकाचे काम त्याच जातीचे आहे. बिबट्या रात्री फिरतो, दिवसा फडात दडतो. त्याची हजेरी कशी घेणार? पण प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. डावी कूस उजवीशी जुळत नाही, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. समजा, पहिल्या खेपेला दहा बिबटे ओळखू आले. दुसऱ्या खेपेला पुन्हा दहा आले आणि त्यांतले पाच जुनेच निघाले. म्हणजे निम्मे ओळखीचे. तेव्हा एकूण वीसच्या आसपास असणार. प्रत्यक्षातले गणित याहून बरेच किचकट असते, पण गाभा हाच. १९९० च्या दशकात उल्लास कारंत यांनी कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात वाघ याच रीतीने मोजले. त्याला 'कॅमेरा सापळा' म्हणतात खरे, पण त्यात फोटोशिवाय काही अडकत नाही.

या मोजदादीने आपल्याला काय दिले? अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कॅमेरे लावले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या त्या बागायती मुलखात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे निघाले. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे बिबट्या जंगलातून चुकून आलेला पाहुणा नाही, तो उसातच राहतो. विष्ठा तपासल्यावर कळले की त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा आहे. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा कमी निघाला, कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रे मोकळे.

आता "धरा अन् सोडा" याचा हिशेब बघा. जुन्नर वनविभागात २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे धरून दुसरीकडे सोडले गेले. आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते सतरावर गेले. नोंदी ठेवणारे कोणी नसते, तर हा उपाय उलटला हे कळलेच नसते.

कोणी म्हणेल, मग काय माणसे मरू द्यायची? मुळीच नाही. माणसावर टपलेला बिबट्या वनखात्याने तातडीने हटवलाच पाहिजे. पण नेमका तोच कोणता, हे ओळखायलाही ठिपक्यांचे फोटो लागतात. नसबंदीची चर्चा चालू आहे. तीही किती माद्यांची करायची, हे संख्या माहीत असल्याशिवाय कसे ठरणार?

म्हणून तीन गोष्टी कराव्यात, असे मला वाटते. एक, कॅमेरा लावणाऱ्याला वावरात येऊ द्यावे आणि कॅमेऱ्याला कोणी हात लावू नये. दोन, गट ऑफिसने तोडणीचा कार्यक्रम वनखात्याला आधी कळवावा. फड तुटला की बिबट्या हलतो, आणि तोडणी कामगारांची पोरे तिथेच कोप्यांत उघड्यावर असतात. कोप्यांजवळ रात्रभर उजेड ठेवणे ही आपली जबाबदारी आहे. तीन, गावातली मोकाट कुत्री आणि उकिरडे आवरावेत.

आणि एक. आपली मुले बी.एस्सी. होऊन नोकरीच्या मागे फिरतात. ज्याला रानाची सवय आहे आणि गणिताची भीती नाही, त्याला हे शास्त्र शिकता येईल. देहरादूनला भारतीय वन्यजीव संस्थेत त्याचे शिक्षण मिळते. काम चिकाटीचे आहे, महिनोन्महिने पायपीट आणि पुढे रात्र-रात्र आकडेमोड. पण फडाची वाट ज्याच्या पायाखालची आहे, असा आपल्यातलाच कोणी मोजायला आला, तर त्याला बांधावरून कोण हाकलील?