भीतीच्या गोष्टी आणि आमचीं मुलें

गेल्या पालकसभेंत एका गृहस्थांनीं आपल्या मुलाच्या दप्तरांतून काढलेलें एक पुस्तक आमच्या टेबलावर आणून ठेविलें आणि म्हटलें, "गुरुजी, असलें वाचून पोरगा रात्रीं दिवा मालवूं देत नाहीं. शाळेच्या ग्रंथालयांत अशीं पुस्तकें ठेवितांच कशाला?" पुस्तक रहस्यकथेचें होतें. गृहस्थ दौंडचे, रेल्वेंत नोकरी करणारे, मुलावर मनापासून माया असलेले. त्यांस आम्हीं त्या वेळीं जें उत्तर दिलें तें घाईचें व अपुरें होतें. म्हणून तोच प्रश्न आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें सविस्तर मांडण्याचें योजिलें आहे.

तेरा-चौदा वर्षांच्या वयांत भीतीच्या गोष्टींची ओढ लागते, हें कोणीही नाकारणार नाहीं. लहानपणीं आजीच्या गोष्टींतील राक्षस बाहेरून येतो. दार लाविलें कीं तो बाहेर राहतो. परंतु या वयांत मुलास प्रथमच कळूं लागतें कीं संशय, मत्सर, अपराधाची टोचणी, भास हीं सर्व दाराच्या आंतच, आपल्या मनांतच राहतात. ज्या कथा या आंतल्या अंधारांत दिवा घेऊन उतरतात त्यांस मानसिक रहस्यकथा म्हणावें. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याची 1843 सालची एक प्रसिद्ध कथा आहे. तींत खुनी मनुष्य प्रेत जमिनीच्या फळ्यांखालीं दडवितो; पण मृताच्या काळजाचे ठोके त्याच्या कानांत घुमूं लागतात व शेवटीं तो आपण होऊन गुन्हा कबूल करितो. या कथेंत भूत नाहीं, हडळ नाहीं. आहे तो केवळ माणसाचा अंतरात्मा. अशी गोष्ट मुलास बिघडविते असें कोण म्हणेल?

आपल्या मराठींतही ही परंपरा आजकालची नव्हे. गोपाळ गणेश आगरकर यांनीं 1883 सालीं शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचें मराठी रूपांतर केलें. त्या नाटकाच्या आरंभींच मृत राजाचें भूत येतें. भूतखेतांवर यत्किंचितही विश्वास नसलेल्या या बुद्धिवादी पुरुषास तें नाटक वर्ज्य वाटलें नाहीं. उलट त्यांनीं त्यास नांव दिलें 'विकारविलसित'. म्हणजे त्यांची दृष्टि भुतावर नव्हती, मनोविकारांच्या खेळावर होती. भीतीची गोष्ट कशी वाचावी याचा धडाच या एका नांवांत आहे.

पुढें बाबुराव अर्नाळकरांनीं हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; आजच्या विद्यार्थ्यांच्या आजोबांनीं त्यांचा 'काळा पहाड' व 'झुंजार' पाठ्यपुस्तकांत दडवून वाचला असेल. भा. रा. भागवत (1910–2001) यांनीं फुरसुंगीच्या बनेश फेण्यास, म्हणजेच फास्टर फेणेस, जन्म दिला. फुरसुंगी आपल्या पुण्याजवळची. हा सडपातळ मुलगा आपल्याच मुलखाचा. तो घाबरतो, पण घाबरल्यावर थांबत नाहीं, डोकें चालवितो. नारायण धारप (1925–2008) यांनीं भयकथेस मराठींत स्वतंत्र घर बांधून दिलें. आणि रत्नाकर मतकरी (1938–2020) यांच्या गूढकथांत भय बाहेरून येण्याऐवजीं नित्याच्या घरांतून, ओळखीच्या माणसांतून उगवतें.

मतकरींचें उदाहरण पालकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. ज्या लेखणीनें प्रौढांच्या झोपा उडविल्या, त्याच लेखणीनें 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यांत अशी चेटकीण उभी केली कीं तिला पाहून मुलें पोट धरधरून हसतात. भीति तीच, पण वयाप्रमाणें तिची मात्रा वेगळी. औषधाचेंही असेंच आहे. मोठ्याचा डोस लहानास दिला तर अपाय होतो; म्हणून औषधच फेकून द्यावें असें कोणी शहाणा म्हणत नाहीं.

आतां आपल्या भागाकडे वळूं. शिरूर तालुक्यांतील मुलांस भीति पुस्तकांतून शिकावी लागत नाहीं. ऊस डोक्यावर वाढला कीं त्यांत बिबट्या राहतो, हें येथील शेंबडें पोरही जाणतें. उसांत दडण्यास जागा, जवळ पाणी, वस्तीवर कुत्रीं व शेळ्या, यामुळें त्यानें रान सोडून शेतांत घर केलें आहे. 2025 सालीं पिंपरखेडच्या परिसरांत बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचेही जीव गेले. ती जखम सहजासहजीं भरणारी नाहीं. अशा मुलखांतील एखादी माउली म्हणते, "खरें भय काय थोडें आहे, म्हणून पोरांस आणखी खोटें भय द्यावयाचें?" या प्रश्नास हंसून उडवितां येणार नाहीं. ज्या घरावर असें संकट कोसळलें आहे, त्या घरांतील मुलाच्या हातीं भयकथा देणें ही क्रूरताच होय. तेथें गोष्टीपेक्षां जवळ बसणारें माणूस अधिक मोलाचें.

परंतु इतरांविषयीं आमचा अनुभव निराळा आहे. एके सकाळीं आमच्या आठवींतील एका विद्यार्थ्याच्या वस्तीवर चिखलांत ठसे दिसले व सारी वस्ती हवालदिल झाली. या मुलास रहस्यकथांचें वेड. त्यानें मोठ्या माणसांबरोबर उभें राहून ठसे निरखले व म्हणाला, "यांत पुढें नखें उमटलीं आहेत. बिबट्या चालतांना नखें आंत ओढून घेतो; हा कुत्रा असावा." मोठ्यांनीं पाहिलें, तर तसेंच. त्या दिवशीं बिबट्या नव्हता म्हणून पुढें कधीं येणार नाहीं असें नव्हे. बॅटरी, काठी व सोबत ही सावधगिरी हवीच, आणि ठसे दिसले तर मुलांनीं एकट्यानें त्यांच्या मागें जाऊं नये, मोठ्यांस सांगावें. पण भयानें डोळे मिटण्याऐवजीं ते उघडावे, ही संवय त्या मुलास कोठून लागली? चांगल्या रहस्यकथेचें हेंच खरें देणें आहे. खऱ्या भयाचा शेवट आपल्या हातीं नसतो. गोष्टींतील भयास शेवट असतो, आणि त्या शेवटापर्यंत जाण्याचा सराव मनास घडतो.

तरी सर्वच पुस्तकें चांगलीं असें आम्ही म्हणत नाहीं. तीन प्रश्न विचारून पुस्तक पारखावें. पहिला: गांठ शेवटीं बुद्धीनें सुटते कीं मंत्रतंत्रानें? ज्या राज्यांत 2013 सालीं जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि त्या कायद्यासाठीं झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांस त्याच वर्षीं पुण्यांत प्राण गमवावे लागले, तेथें हा प्रश्न विचारणें अगत्याचें आहे. दुसरा: क्रौर्य पाहून लेखकास दुःख होतें कीं चव येते? तिसरा, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा: मनोरुग्णाचें चित्र कसें रंगविलें आहे?

या तिसऱ्या प्रश्नाविषयीं थोडें अधिक लिहितों. अनेक हलक्या रहस्यकथांत शेवटच्या पानावर खुनी सांपडतो व त्याच्या दुष्टपणाचें कारण एका शब्दांत दिलें जातें: तो वेडा होता. हें खोटें आहे व अन्यायाचेंही आहे. मनाचा आजार असलेलीं बहुतेक माणसें कोणास इजा करीत नाहींत; उलट त्यांचीच हेटाळणी होते. आपल्याकडे तर "याला येरवड्याला पाठवा" ही थट्टा वर्गावर्गांतून ऐकूं येते. ज्या मुलाचा काका अथवा जिची आई अशा आजारानें पिडलेली आहे, त्यास किंवा तिला ही थट्टा व ती कथा काय वाटत असेल? जी गोष्ट आजारी माणसास राक्षस ठरविते ती मनाचा शोध घेत नाहीं. ती शोध घेण्याचा कंटाळा करिते. विद्यार्थिमित्रांनो, असें पुस्तक हातीं आलें तर तें अवश्य मिटावें.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं पुस्तक हिसकावून घेण्यापूर्वीं तें एकदां स्वतः वाचावें. निजावयाच्या वेळीं तें देऊं नये. दिवेलागणीस सर्वांनीं मिळून मोठ्यानें वाचावें. चार माणसांत वाटलेली भीति चौथाईच उरते. मोबाइलवर अर्ध्या मिनिटांत किंकाळी व रक्त दाखविणारीं जीं चित्रें मुलें एकटीं, पांघरुणांत शिरून पाहतात, त्यांहून तें शतपटीनें बरें. पुस्तक मध्येंच थांबवितां येतें, त्यावर बोलतां येतें. चित्र विचार करावयास उसंतच देत नाहीं.

आतां त्या दौंडच्या मुलाची हकीकत सांगून पुरें करितों. सभेनंतर आम्हीं त्यास एकीकडे घेऊन विचारलें, "बाळ, पुस्तकांतील कोणत्या गोष्टीचें भय वाटतें?" तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पुस्तकाचें नाहीं, गुरुजी. बाबांची रात्रपाळी असते. रुळांवर अंधार असतो. ते येईपर्यंत दिवा असावा असें वाटतें." तें भय पुस्तकाच्या फार आधींचें होतें, पुस्तकामुळें त्यास केवळ जागें राहण्याचें निमित्त मिळालें होतें. आम्हीं हें त्याच्या वडिलांस कळविलें. त्यांनीं पुस्तक परत नेलें, आणि सुटीच्या दिवशीं बापलेक तें मिळून वाचतात असें ऐकतों.

मूल दिवा मालवूं देत नसेल तर पुस्तकावर रागावण्यापूर्वीं त्यास विचारावें, कीं दिवा कोणासाठीं हवा आहे. असो.

— एक शिक्षक