मनगटावरचे रिंगण



माउली, अलीकडे वारीत विसाव्याला बसले की एक नवा प्रकार पाहायला मिळतो. पूर्वी कोणी पायाच्या फोडावर तेल लावी, कोणी शेजारच्या म्हाताऱ्याचे पाय चेपून देई. आता मनगटे पुढे येतात. "माझी अठ्ठावीस हजार झाली, तुमची किती?" ज्याचा आकडा मोठा तो सुखावतो आणि ज्याचा लहान तो उद्या भरून काढायचे ठरवतो. नुकताच अभंग संपलेला असतो, पण तो कोणता होता हे विचारले तर दोघांनाही आठवत नाही.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. पावले मोजणारे हे घड्याळ वारीच्या वाटेवर नको. यंत्र वाईट म्हणून नव्हे. ते ज्याला रोज खाऊ घालते, त्या 'मी'ला उपाशी ठेवण्यासाठीच आपण घराबाहेर पडलेलो असतो, म्हणून.

आधी या यंत्राची कुळकथा ऐका. "रोज दहा हजार पावले चाला" हा उपदेश आज घरोघरी ऐकू येतो. तो कोणा वैद्याने दिला असेल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो जपानमधून आला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथे चालण्याची हौस वाढली आणि १९६५ साली एका कंपनीने कमरेला लावायचे पावलांचे यंत्र विकायला काढले. त्याचे नाव 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचे मोजयंत्र. दहा हजार हा आकडा असा दुकानाच्या पाटीवरून आपल्या घरात आला. पुढे २०१९ साली अमेरिकेत वृद्ध स्त्रियांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साडेसात हजार पावलांच्या आसपासच लाभ थांबल्यासारखा दिसला. तरीही मनगटावरचे यंत्र दहा हजारांनाच शाबासकी देते आणि आपण ती घेतो.

२०१५ साली ॲपल कंपनीचे घड्याळ आले. त्यात तीन रंगीत वर्तुळे आहेत: हालचालीचे, व्यायामाचे आणि उभे राहण्याचे. दिवसभरात ती पूर्ण करायची. २०२४ साली सॅमसंगने बोटात घालायची अंगठी आणली. ती झोप आणि हृदयाचे ठोके मोजते. नामजप मोजणारी छोटी बोटयंत्रे तर यात्रेच्या दुकानांतही मिळतात. पावले मोजून झाली, झोप मोजून झाली, आता नामही मोजायला घेतले!

ही वर्तुळे पाहिली की वाखरीचे रिंगण आठवते. रिंगणात आधी पताकावाले धावतात, डोईवर तुळस घेतलेल्या माउल्या धावतात, वीणेकरी धावतात आणि मग अश्व सुटतात. माउलींच्या अश्वावर स्वार नसतो, तरी तो धावतो. तो गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला माणसे वाकतात. ते रिंगण कोणा एकट्याचे नसते. कडेला उभ्या असलेल्या, एक पाऊलही न धावलेल्या म्हाताऱ्याचेही ते तितकेच असते. मनगटावरचे वर्तुळ मात्र एकट्याचे. ते पुरे झाले की एकट्याला आनंद आणि अपुरे राहिले की एकट्यालाच खंत. समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला की अवघा तळ स्तब्ध होतो. त्या शांततेत कोणाच्या तरी मनगटावर घरघर होते आणि घड्याळ त्याला आठवण करून देते, "उभे राहा." विठ्ठल अठ्ठावीस युगे उभा आहे, आणि आपल्याला उभे राहायला आता घड्याळाने सांगावे लागते!

आता पूर्वपक्ष ऐकू. कोणी म्हणेल, "महाराज, तुळशीची माळही मोजतेच की! तिचे मणी एकशे आठ." खरे आहे. पण माळ काही साठवत नाही. मेरुमणी आला की ती उलटी फिरते आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात होते. काल किती झाले हे ती सांगत नाही, शेजाऱ्याच्या माळेशी तुलना करत नाही आणि एक दिवस चुकला तर "तुमची साखळी तुटली" असे भयही घालत नाही. माळ हात गुंतवते ते मन मोकळे व्हावे म्हणून. यंत्र हात मोकळा ठेवते आणि मन गुंतवते.

दुसरा म्हणेल, "दिंडीतही मोजदाद चालतेच." होय, आणि ती चाललीच पाहिजे. पंगतीला पाने किती हे मोजल्याशिवाय आचाऱ्याला आधण ठेवता येत नाही. मुक्कामाला माणसे मोजली नाहीत तर मागे राहिलेली आजी कोणाच्या ध्यानात यायची? पण ती मोजणी दुसऱ्याच्या भुकेसाठी आणि दुसऱ्याच्या काळजीसाठी असते. मोजणीला हीच कसोटी लावा. तिचा आकडा कोणाच्या पोटात जातो? दुसऱ्याच्या जात असेल तर ती सेवा, आपल्याच अहंकाराच्या जात असेल तर तो भार.

तिसरा आक्षेप सर्वांत रास्त आहे. हृदयरोग्याला डॉक्टरांनी ठोके पाहायला सांगितले असतील, तर त्याने घड्याळ अवश्य बांधावे. मुक्कामावरून घरी खुशाली कळवायला फोनही हवा. औषधाच्या डबीला कोणी नावे ठेवत नाही. पण औषधाची डबी विसाव्याला चार जणांत मिरवतही नाही.

आणि न्यायाने बोलायचे तर हा रोग यंत्राने आणलेला नाही. "आमची ही तिसावी वारी, तुमची कितवी?" हा प्रश्न घड्याळाच्या आधीपासून आपल्यात आहे. त्याचे उत्तर देताना मान किंचित ताठ होते, हे आपण सारे जाणतो. बाजाराने आपल्यातला हा जुना आजार हेरला आणि त्याला काच व पट्टा लावून तो आपल्यालाच विकला.

आपण कोणाच्या वाटेने चालतो ते आठवा. सावता महाराज मळ्यात राबत, जनाबाई जाते ओढत आणि नाम चालू राही. पाटा किती शेंदला, दळण किती झाले याचा हिशेब नामाशी जोडायला त्यांना सवड नव्हती. तुकोबारायांच्या चरित्रात सांगतात की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीच्या डोहात सोडली. लोकांकडून येणे होते, हक्काचे होते, तरी बुडवले. त्या देहूहून निघालेल्या पालखीमागे आपण मनगटावर खतावणी बांधून चालतो, हे शोभते का? बरे, ही खतावणी आपल्याकडेही राहत नाही. मनगटावरून फोनमध्ये आणि फोनमधून बहुधा कंपनीच्या दप्तरी जाते.

तेव्हा येत्या ज्येष्ठात प्रस्थानाला निघताना एवढे करा. औषधापुरते नसेल तर ते घड्याळ घरच्या फडताळात ठेवा. ठेववत नसेल तर निदान पावलांचा आकडा बंद करा आणि दुसऱ्याचा विचारू नका. दिंडीप्रमुखांनी पहिल्याच मुक्कामी हे प्रेमाने सांगावे. पुण्याहून सासवडचा टप्पा मोठा, दिवे घाटाची चढण दमवणारी. तिथे किती पावले पडली हे कळले नाही म्हणून पंढरी एक तसूही दूर जात नाही. उलट शेजारी चालणाऱ्याचा श्वास चढलेला आपल्याला ऐकू येईल आणि त्याची पिशवी आपण आपल्या खांद्यावर घेऊ.

आणि विसाव्याला कोणी भेटला तर "कितवी वारी?" असे विचारू नका. "माउली, पाणी घेतले का?" असे विचारा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!