आधी पुनर्वसनाची संधी द्या



‘पक्षाघात झालेल्या वृद्धांना थेट शुश्रूषा केंद्रात ठेवावे’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. पत्रलेखकांची ओढाताण समजते, पण त्यांचा सल्ला पटत नाही.

पक्षाघातानंतर सर्वाधिक सुधारणा साधारण पहिल्या ३ महिन्यांत होते. या काळात पुनर्वसन, म्हणजे फिजिओथेरपी, वाचेचे व गिळण्याचे उपचार मिळाले, तर अनेक रुग्ण आपल्या हाताने जेवू लागतात, काठी घेऊन चालू लागतात. शुश्रूषेत मात्र कूस बदलणे, अंग पुसणे, औषधे देणे होते. ते गरजेचेच, पण तेवढ्याने गेलेली हालचाल परत येत नाही.

म्हणून वय पाहून निर्णय नको. सांगितलेले समजते का, आधाराने बसता येते का, थोडी तरी प्रगती दिसते का, हे डॉक्टरांना विचारावे. स्मृतिभ्रंश फार वाढला असेल किंवा सुधारणा थांबली असेल, तर दीर्घकालीन शुश्रूषा जरूर निवडावी. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न खर्चाचाही आहे. सत्तरीपुढील नागरिकांना २०२४ पासून ‘आयुष्मान’ योजनेतून मिळणारे ५ लाखांचे संरक्षण मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरी महिनोन्‌महिने चालणाऱ्या फिजिओथेरपीचा भार कुटुंबावरच पडतो. शासनाने या योजनेत पुनर्वसनाचे पहिले ३ महिने समाविष्ट करावेत, ही आग्रहाची मागणी.

– एक वाचक, सातारा